एक हॉर्न म्हणजे या

दरवर्षी मोटारसायकलींवरून सहलीला जाणाऱ्या मास्तरांच्या टोळीत एक कायदा होता आणि तो चोवीस वर्षांत कुणी मोडला नव्हता. पुढे मास्तर. वाटेत एखादा ट्रक रेंगाळत असला की मास्तर आधी त्याला ओलांडून पुढे जाणार, समोरचा रस्ता बघणार आणि हॉर्न देणार. एक हॉर्न म्हणजे या. दोन म्हणजे थांबा. मागच्यांनी वाकून बघायचं नाही, विचार करायचा नाही, हॉर्न ऐकायचा आणि निघायचं. परक्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, वेडबिड लागलंय का तुम्हाला? पण मास्तरांची गाडी शिकवायची शाळा होती. निम्म्या शहरानं पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. आणि त्यांचा हॉर्न कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग आपलं डोकं कशाला शिणवायचं?

मास्तरांच्या मागे गोळीशेठ. औषधांचं दुकान, म्हणून गोळीशेठ. स्वभावानं नाकासमोर चालणारा, कुणाला दुखवायचं म्हटलं तर त्याच्याच पोटात दुखायचं. सगळ्यात शेवटी वेल्डर, कारण त्याची मोटारसायकल धूर सोडायची आणि तो स्वतः तोंड. यंदा या दोघांच्या मधे एक नवीन गाडी होती. जावईबापूंची. मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीचा नवरा, लग्नाला आठ महिने झालेले, एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायचा. सासऱ्यांनी सहा दिवसांच्या सहलीला बरोबर घेतलं म्हणून स्वारी भलतीच खूश होती. हॉर्नचा कायदा त्यानं पहिल्या दिवशीच पाठ केला आणि आम्हा जुन्या लोकांपेक्षा कडक पाळायला लागला, असं वेल्डर म्हणायचा.

निघताना मुलगी फाटकाशी आली होती. गोळीशेठला म्हणाली, "काका, या दोघांना सांभाळून आणा हं."

"अगं, तुझे बाबाच आम्हा सगळ्यांना सांभाळतात," गोळीशेठ म्हणाला. तेव्हा ते त्याला खरंच वाटत होतं.

तीन दिवस दक्षिणेला, जमीन संपते तिथपर्यंत, आणि तीन दिवस परत, असा बेत होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी एका लॉजवर उतरले. मास्तरांनी हेल्मेट काढलं, तोंडावर पाणी मारलं आणि टॉवेल शोधत गोळीशेठकडे वळले. गोळीशेठनं त्यांच्या पापण्या बघितल्या. लांब, काळ्या, दाट. साठीला आलेल्या माणसाच्या पापण्या वर्षभरात अशा वाढत नाहीत.

"मास्तर, काजळ घालायला लागलास की काय?" वेल्डर हसत म्हणाला.

"बायको घालते, दृष्ट लागू नये म्हणून," मास्तर म्हणाले आणि सगळे हसले.

गोळीशेठही हसला. पण तीस वर्षं औषधं विकलेला माणूस तो. कोणत्या थेंबांनी पापण्या वाढतात हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मास्तरांनी खाली काउंटरवरच्या माणसाकडे रुमालात गुंडाळलेली एक चिमुकली बाटली दिली आणि फ्रिजमधे ठेवायला सांगितली, तेव्हा उरलासुरला संशयही गेला. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि बाजूचं दिसणं हळूहळू, न कळत, मिटत जातं. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. मास्तर हे थेंब त्याच्या दुकानातून नेत नव्हते, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आणत होते. गोळीशेठला या गोष्टीचं फार वाईट वाटलं. आजाराचं नंतर वाटलं, आधी याचं वाटलं.

बोलायचं कसं? मास्तरांची शाळा, मास्तरांचं नाव, आणि जावयासमोर. त्यानं मूग गिळले. दाब आटोक्यात असेल, अजून काही बिघडलं नसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला लाकडं भरलेला ट्रक लागला. मास्तर ओलांडून गेले. एक हॉर्न. गोळीशेठ निघाला. ट्रकच्या पुढच्या चाकाशी पोचतो तोच उजवीकडच्या कच्च्या वाटेवरून एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मधे गोळीशेठ. त्यानं गाडी ट्रकला इतकी चिकटवली की लाकडाची साल खांद्याला घासून गेली. तसाच तो पुढे निघाला. मास्तरांनी आरशात बघून अंगठा वर केला. त्यांना काही झालंय याचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर गोळीशेठनं हॉर्नवर निघणं बंद केलं. हॉर्न झाला की तो आधी स्वतः वाकून बघायचा, उजवीकडच्या वाटा तपासायचा, मग निघायचा. त्याच्यामागे जावईबापू अडकून पडायचे आणि त्यांच्यामागे वेल्डर शिव्या घालायचा. दुपारपर्यंत हे चाललं. मग मास्तरांनी एका चहाच्या टपरीवर गाडी थांबवली, हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि सगळ्यांसमोर विचारलं.

"काय रे, माझ्या हॉर्नवरचा विश्वास उडाला का तुझा?"

हीच वेळ होती. गोळीशेठनं मास्तरांकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. जावई कौतुकानं सासऱ्याकडे बघत होता. आणि गोळीशेठच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"तसं नाही रे. माझेच डोळे अधू झालेत. बाजूचं नीट दिसत नाही. म्हणून घाबरतो. मी म्हणतो, ही हॉर्नची पद्धतच बंद करूया. वयं झाली आपली."

त्याला वाटलं होतं, मास्तर समजतील. निदान पद्धत तरी बंद होईल, कुणाची अब्रू न जाता. पण मास्तरांमधला शिक्षक जागा झाला.

"पद्धत कशाला बंद करायची? ज्याला दिसत नाही त्यानं गाडीला हात लावू नये, हा साधा नियम आहे. माझ्या शाळेत असा माणूस आला तर मी त्याला फाटकातून परत पाठवतो. तुझी गाडी इथं ठेव. परतीच्या वाटेवर बघू. आजपासून तू माझ्यामागे बसायचं."

"अरे वा!" वेल्डर म्हणाला. "ठिणग्या मी बघतो तीस वर्षं, आणि डोळे गेले याचे! गोळीशेठ, दुकानात लोकांना बरोबर गोळ्या देतोस ना रे बाबा?"

सगळे हसले. जावईबापूंनी मात्र गोळीशेठची बॅग उचलून मास्तरांच्या गाडीला बांधली आणि हळूच म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. होतं असं." गोळीशेठला त्या पोराच्या डोळ्यांत बघवेना.

टपरीवाल्यानं गाडी मागच्या शेडमधे घेतली. मास्तरांनी किक मारली, गोळीशेठ मागे बसला आणि टोळी निघाली. पाच मिनिटांनी त्यानं सहज मागे वळून बघितलं. आता दुसऱ्या नंबरवर जावईबापू होते. हॉर्न आणि तो पोरगा यांच्यामधे जो एक माणूस वाकून बघत होता, तो आता मागच्या सीटवर बॅगेसारखा बसला होता. आपण होऊन.

त्या दुपारी आठ हॉर्न झाले. गोळीशेठनं ते मोजले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक वेळी जावईबापू बाणासारखे सुटायचे. एकदा गोळीशेठ ओरडला, "मास्तर, उजवीकडून जीप!"

"दिसतेय मला!" मास्तर पुढे बघत ओरडले. "आंधळा तू आहेस, मी नाही."

जीप आधीच निघून गेली होती. संध्याकाळी लॉजवर पुन्हा रुमाल, पुन्हा फ्रिज. जिन्यात दोघंच होते तेव्हा गोळीशेठनं तोंड उघडलं, "मास्तर, एक विचारू?" मास्तर म्हणाले, "डोळ्यांचं नको. तुझं दुःख मला कळतंय. परत गेल्यावर चांगल्या डॉक्टरकडे जाऊ." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर गेले. इतक्या मायेनं ठेवलेला हात झटकायचा कसा? तो तिथंच उभा राहिला, आणि दिवस संपला.

तिसऱ्या दिवशी घाट लागला. रस्ता चांगला, वळणं मोठी, दोन्ही बाजूंना झाडी. एका वळणाआधी सिमेंटचा टँकर धापा टाकत चढत होता. मास्तर सुटले, टँकरच्या पुढे आले. उजव्या हाताला झाडीत एक वाट होती आणि तिच्यावरून दुधाचा टेम्पो खाली घसरत रस्त्याकडे येत होता. गोळीशेठला तो दिसला. मास्तरांचा अंगठा हॉर्नवर गेला.

"देऊ नको!" तो ओरडला. पण एक हॉर्न वाजून गेला होता.

गोळीशेठ सीटवर अर्धा उठून मागे वळला आणि दोन्ही हात वेड्यासारखे हलवायला लागला. जावईबापू टँकरच्या शेजारी आले होते. त्यांनी हात बघितले, टेम्पो बघितला, ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली, खडीवरून घसरत गेली आणि टेम्पोच्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर थांबली. टेम्पोही थांबला. टँकर काही न कळता पुढे निघून गेला.

सगळे धावले. पोरगा आपला आपण उठून बसला. गुडघा फाटला होता, कोपरातून रक्त येत होतं, क्लचचा दांडा तुटला होता. बाकी धड होता. त्यानं हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य बोलला ते सासऱ्यांकडे बघून.

"बाबा, चुकलं माझं. मी घाई केली."

"घाई म्हणजे काय घाई!" वेल्डर भडकला. भीतीनं भडकला होता, हे त्यालाही कळत होतं. "एवढा लांबलचक टेम्पो दिसला नाही? तुमच्या बायकोला आम्ही काय सांगणार होतो?"

"सॉरी काका. लक्ष नव्हतं माझं."

गोळीशेठ मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होता. आत्ता बोलतील, आत्ता बोलतील. मास्तर टेम्पोकडे बघत होते, तो कुठून आला हे शोधायला त्यांनी अख्खी मान उजवीकडे फिरवली, झाडीतली वाट बघितली आणि परत मान वळवली. तोंड उघडलं, मिटलं.

"चूक त्याची नाही," गोळीशेठ म्हणाला. "मास्तरला उजवीकडचं दिसत नाही. काचबिंदू आहे."

वेल्डरला काही उमजेना. "पण डोळे तर तुझे गेलेत ना?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत. काल खोटं बोललो मी. मला परवा रात्रीपासून माहीत आहे."

जावईबापू रस्त्यावर बसल्या बसल्या एकदा सासऱ्यांकडे आणि एकदा गोळीशेठकडे बघत होते. जखम धुवायला हातात घेतलेली पाण्याची बाटली तशीच राहिली. "म्हणजे काल दिवसभर मी..." ते म्हणाले. टेम्पोवाल्यानं काय चाललंय ते न कळून टेम्पो बाजूला घेतला.

मास्तर जावयासमोर गुडघ्यांवर बसले. त्याच्या हातातली बाटली घेतली आणि त्याचा गुडघा धुवायला लागले.

"खरं आहे, जावईबापू," ते म्हणाले. "डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलंय. वर्ष झालं. मुलीला मीच सांगेन, तुम्ही नका सांगू."

मग मान वर न करता ते गोळीशेठशी बोलले. आवाज अगदी साधा होता, हिशेब चुकल्यावर दुसऱ्यानं दाखवून द्यावा तसा.

"काल टपरीवर विचारलं होतं तुला. चारचौघांत विचारलं होतं. तेव्हाच बोलायचं होतंस. मी शिव्या घातल्या असत्या. वर्षभर तुझं तोंड बघितलं नसतं. एवढंच झालं असतं रे."

गोळीशेठनं खिशातून कापसाची गुंडाळी काढली आणि त्यांच्या शेजारी रस्त्यावर बसला.