जांभूळतळचा शेवटचा ठराव

"सही हितं करायची, बाई." उपसरपंच रंगरावांनी कागद चंद्रभागाबाईंपुढे सरकवला आणि स्वतःच्या पेनाचं टोपणही काढून दिलं. एवढी अदब त्यांनी आजवर कधी दाखवली नव्हती.

दाखवायचं कारणही नव्हतं. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा रंगरावांनीच या बाईंना उभं केलं होतं. नवरा वारलेला, भाजीचा धंदा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सही म्हटलं की सही करतील, असा हिशेब. तो आजवर चुकला नव्हता.

पण आज ग्रामपंचायतीचा शेवटचा दिवस होता. कात्रजच्या पलीकडचं जांभूळतळ उद्यापासून पुणे महापालिकेत जाणार होतं. सत्त्याण्णव साल. कंपन्या येणार, जमिनीला सोन्याचा भाव येणार, या नुसत्या बोलण्यावर गावातल्या निम्म्या पोरांनी मोटरसायकली घेतल्या होत्या. पंचायत उद्या नाही म्हणजे नाही. तिची मालमत्ता, तिचे नोकर आणि तिची देणी, सगळं महापालिकेच्या गळ्यात. यातला देण्यांचा भाग रंगरावांना फार आवडला होता.

ठराव सरळ होता. देवळापाशी सभागृह आणि वेशीवर कमान, त्यासाठी अठरा लाखांचं कर्ज, फेड पंधरा वर्षांत. शिवाय काही कायम नोकर. सभागृहाचा रखवालदार म्हणून पोपट, म्हणजे चंद्रभागाबाईंचा एकुलता एक मुलगा. ठेकेदार रंगरावांचे जावई होते, पण ते ठरावात लिहायची गरज नव्हती.

"फेडनार कोन?" बाईंनी विचारलं.

"म्हापालिका. उद्यापास्नं आपला काय संबंध?"

"तिच्याकडं कुठनं येतो पैसा?"

"अवो, समुद्र हाय त्यो. तांब्याभर घेतलं म्हनून आटतोय व्हय?"

"समदीच गावं तांब्या घिऊन हुबी हायती म्हनं."

कोपऱ्यात बसलेला एक सदस्य हसला आणि रंगरावांनी बघताच गप्प झाला. बाईंनी ग्रामसेवकांकडे मान वळवली. उत्तरेश्वर त्यांचं नाव, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणे. "भाऊसाहेब, तुमी सांगा."

"मी नोकर माणूस, बाई." ते चाचरले. "हप्ता शेवटी लोकांच्या घरपट्टीतूनच जाणार. उद्यापासून आपलं गावही तीच घरपट्टी भरणार, एवढंच सांगतो."

"पाचाच्या आत कागद जिल्ह्याला पोचवायचा हाय, भाऊसाहेब," रंगराव म्हणाले. "कीर्तन नको."

दारात पोपट उभा होता. त्याची सुपारी फुटली होती. मुलीच्या बापाची अट एकच होती, नोकरी कायमची हवी.

"आये, सही कर," तो म्हणाला. "समद्यांची पोरं लागत्यात. मीच तेवढा भाजी विकू का?"

चंद्रभागाबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा सासऱ्यांच्या डोक्यावर नणंदेच्या लग्नाचं कर्ज होतं. पाच गावं जेवून, ढेकर देऊन गेली होती. ते फेडता फेडता विहिरीजवळचा मळा गेला, नवरा हमाली करून खंगला.

"ज्या पंगतीला मी न्हवते," त्या म्हणाल्या, "तिची भांडी म्या हयातभर घासली, रंगराव."

"ह्ये घर न्हाई बाई, सरकार हाय. सरकारचं कर्ज कुनाच्या घरात शिरत न्हाई."

"मग शिरतं कुठं त्ये?"

रंगरावांनी घड्याळाकडे बघितलं आणि कागद आणखी पुढे सरकवला.

बाई काही संत नव्हत्या. सही करावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. पोटचं पोर दारात उभं असताना पंधरा वर्षांनंतरच्या परक्यांची काळजी कोण करतं? त्यांनी आवाज खाली आणला. "पोपटचं नाव ऱ्हाऊ द्या. कर्ज तेवढं खोडून टाका. जमंल?"

रंगराव हसले. "एक ठराव, एक सही. घ्यायचं तर समदं."

बाईंचा हात पेनावर तसाच राहिला. पोपट दारातून बघत होता. मग त्यांनी टोपण लावलं आणि पेन रंगरावांसमोर ठेवलं.

"न्हाई."

गलका झाला. कुणी अक्कल काढली, कुणी वारलेल्या नवऱ्याचं नाव काढलं. बाईंनी दाराकडे पाहिलं. पोपट तिथे नव्हता.

दिवेलागणीला मुलीचा बाप घरी आला. ओट्यावर टेकलासुद्धा नाही. मुलीला दिलेली साडी त्याने पुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. "नेसू द्या तिला," त्या म्हणाल्या. "तिचा काय दोस."

पोपट घरी आला नाही. बाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवल्या नाहीत.

सकाळी महापालिकेचे अधिकारी ताबा घ्यायला आले. नारायण पेठेतले गृहस्थ, बोलणं मोजकं.

"देणी?"

"निरंक," उत्तरेश्वर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट बघा. कालच्या तारखेचं काही असेलच. सगळीकडे आहे."

"काही नाही, साहेब."

"अरेरे. फारच गरीब दिसतंय तुमचं गाव." त्यांनी सही ठोकली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. बाईंनी किल्ल्या दिल्या आणि त्या पायऱ्या उतरल्या.

पोपट पिंपळाच्या पारावर बसला होता. अंगात कालचाच सदरा होता.

"पोपट, घरी चल," त्या म्हणाल्या. "काल दुपारपास्नं जेवला न्हाईस."

तो उठला. त्याने विजारीची धूळ झटकली. रस्त्याकडेच बघत म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, सरपंचबाई."

आपण आता सरपंच नाही, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या एकट्याच पुढे झाल्या.