तणस माझी मला परत मिळाली

मी एक बांधी बोलतेय. नागभीडपल्याडच्या मोहाच्या झाडाखालचं, चिकट काळ्या मातीचं भाताचं खाचर. ऐका बाई, ऐका भाऊ: एक होती अंजनाबाई, एक तिचा लेक श्रावण, एक सून रिना, आणि तिघांच्या पोटाला होते मी.

अंजनाबाईनं स्वतःच्या हातांनी माझे बांध घातले. तेव्हा घरी बैल होते. माझी तणस, म्हणजे धान झोडून उरलेल्या काड्या, बैल खायचे, शेणखत होऊन ती माझ्याकडे परत यायची. बैल गेले, ट्रॅक्टर आला. मग धान घरी, आणि तणस गाडीत भरून परगावी. माझं पोटॅश त्या तणशीतच होतं. ते गेलं ते गेलंच.

पुढे पानांच्या कडा करपू लागल्या. वारा सुटला की धान आडवं, लोंबीत दाणे पोचट. श्रावणनं रोवण्याला, रोपं लावतानाच, पोटॅश खताचं पोतं एकदम ओतलं. पण चिकणमातीची खोडच आहे बघा, उपाशी असली की पहिला घास ती स्वतःच्याच मुठीत आवळून धरते. रोपाला काही उरलं नाही.

"पोतं खाल्लं हिनं, पण ढेकर नाई देल्ला!" कापणीच्या दिवशी श्रावण चिडला. "विटाभट्टीवाला माती मागून राह्यला. देऊन टाकतो त्याले."

अंजनाबाई बांधावर बसली होती. "माती गेली का खड्डा राह्यते, बापा. मंग रोवणा कुठी करशील?"

मला ओरडायचं होतं. माती कशी ओरडणार?

तेवढ्यात विळा थांबवून रिनानं हाक दिली, "बाई, सारं धान झोपलं, हाच कोपरा काऊन उभा आहे?"

अंजनाबाई उठून आली. "अवो, गेल्या साली कापल्या धानाचा पुंजना इथीच रचला होता. पेंढ्यांच्या खालची तणस भिजून इथीच कुजली."

श्रावण त्या कोपऱ्यात उतरला. उभी ताटं हातानं हलवून पाहिली. "एक साल थांबतो," एवढंच बोलला.

त्या साली तणस माझ्यातच गाडली. पोटॅश अर्धं रोवण्याला, अर्धं धान पोटरीत यायच्या आधी. निम्मंच धान उभं राहिलं. श्रावण आणखी एक साल थांबला.

यंदा वादळ येऊन गेलं, तरी धान जागचं हललं नाही. अंजनाबाईनं लोंबी तळव्यावर चोळली, भरलेले दाणे लेकापुढे धरले.

"घे. देल्ला ढेकर."

श्रावण हसला, अन् डोळे पुसत भट्टीवाल्याला कायमचं नाही म्हणून आला.

धान खुशाल न्या, लेकरांनो. तणस तेवढी माझी मला ठेवा. अंजनाबाईच्या घरचा धान साठवायचा ढोला काठोकाठ भरला, तसा तुमचाही भरो.