वाहत्या नाकाचा चमत्कार

१९४१ सालच्या हिवाळ्यात कामठ्याला केवळराम महाराज उतरले आणि अख्खं गाव नाक ओढत त्यांच्या मांडवात जाऊन बसलं. महाराज आजाऱ्याच्या नाकाकडे निरखून बघत, "खोक बरं," म्हणत आणि मांडवातल्या देवीचं नाव घेऊन सात गाठींचा काळा दोरा बांधत. रोज एक गाठ सोडायची; सातवी सुटली की खोकला पळाला! खरोखरच पळायचा. मग काय, जयजयकार आणि नारळांचा ढीग.

नंदाबाईही आपल्या सुलोचनाला घेऊन गेली. सहा वर्षांची पोर तापाने फणफणलेली, थुंकी गिळतानाही रडत होती. महाराजांनी तिचं कोरडं नाक पाहिलं, खोकायला लावलं. खोकला काही येईना. त्यांनी दोरा झटकन मागे घेतला.

"देवी उठून गेली! तुमच्या घराण्याले सात पिढ्यांचा दोष आहे. पोरीले न्या इथून, मांडव बाटून राहिला!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. नंदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडण मागाहून, पोर आधी. नवऱ्याने, टिकारामने, बंडी जुंपली आणि दोघांनी गोंदियाचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोरीचं तोंड खिडकीच्या उजेडात उघडलं. घसा लालभडक, आत पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी. "नाक वाहतं? खोकला?"

"नाई जी. महाराजानंबी हेच इचारलं होतं. खोकला येईना तं हाकलून दिलं."

डॉक्टर थबकले. "म्हणजे त्या लबाडाला सगळं कळतं! नाक वाहतं, खोकला येतो, ती बहुतेक साधी सर्दी. आठवड्यात आपली आपण जाते. हे दोन्ही नाही, पण ताप आणि असा घसा, तर वेगळ्या जंतूचा संशय घ्यायचा. दुर्लक्ष केलं तर पुढे सांधे सुजतात, हृदयही कायमचं दुखावतं." त्यांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या.

नंदाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महाराज बरं करत नव्हते, निवडत होते! आपोआप बरे होणारे ठेवायचे आणि खरा आजारी आला की त्याच्या घराण्यावर दोष ढकलायचा.

पाचव्या दिवशी सुलोचना पेज प्यायली. मग नंदाबाईने कांदा ठेचून हुंगला, पदर पुढे ओढला आणि खोटं खोटं खोकत मांडवात जाऊन बसली. नाकाडोळ्यांतून धारा लागलेल्या.

"वा! देवी प्रसन्न!" महाराजांनी दोरा बांधला. "बाई, तुमचं घराणं मोठं पुण्यवान!"

नंदाबाईने पदर मागे सारला. "सात पिढ्यांचा दोष पाच दिवसांत कुठं गेला जी? का कांद्यानं धुऊन निघाला?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. कडेला गावातलाच चैतराम आपल्या तापलेल्या लेकाला मांडीवर घेऊन बसला होता. त्यालाही सकाळीच दोष सांगून बाजूला काढलं होतं. नंदाबाईने त्याच्या लेकाला उन्हाकडे वळवलं, तोंड उघडायला लावलं. तेच पांढरे ठिपके.

"हात लावशील तं देवी कोपंल!" महाराज ओरडले.

"कोपू द्या माह्यावर. ज्याले खरी गरज, त्यालेच हाकलून देते, असी कायची देवी?" ती लोकांकडे वळली. "पिढ्या कायले मोजून राहिले रे? पोराचं तोंड उघडा, उजेडात पाहा, अन् असा घसा दिसला तं डॉक्टरकडे पळा!"

चैतराम उठला. महाराजांनी त्याची वाट अडवली. "सरका बाजूले," तो म्हणाला, आणि पोराला खांद्यावर टाकून सरळ आपल्या बंडीकडे चालू लागला.