घरी न येणाऱ्याचं दार

मी एक जुना संगणक बोलतोय, आणि रागावून बोलतोय. माझा पंखा घरघरायला लागला की लोक म्हणतात, धूळ साचली असेल. धूळ आहेच, नाही म्हणत नाही. पण ही घरघर धुळीची नव्हे. एलामान नावाच्या एका शहाण्याने मला दार करून टाकलं, आणि दारही असलं, की ज्यातून तो स्वतः एकदाही आत आला नाही.

माझा जन्म कुठल्याशा समुद्रकाठच्या कारखान्यात झाला म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती डोंगरातल्या नारीन गावच्या हवामान कचेरीपासून. तिथे बोलोत नावाचा एक उंच, कमी बोलणारा माणूस निरीक्षक होता आणि अनारकुल नावाची त्याची बायको टंकलेखक होती. तो बाहेर जाऊन तापमापक वाचून यायचा, मिशीवरचं बर्फ झटकत आकडे सांगायचा, आणि ही कीबोर्डकडे न बघता ते टाइप करायची. तारीख, तापमान, वारा, बर्फ, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यात धुकं, गारा असलं काही लिहायचं असतं. बोलोत तिथे 'आज नदीचा आवाज बंद झाला' असं लिहायला लावायचा आणि साहेबांच्या शिव्या खायचा.

बारा वर्षं मी त्या दोघांचं ऐकलं. मग कचेरीत नवी यंत्रं आली आणि मला जिन्याखाली टाकलं. बोलोत निवृत्त झाला, त्या दिवशी त्याने मला मागून घेतलं आणि स्वतःच्या कोटात गुंडाळून घरी आणलं. स्वतः थंडीत कुडकुडत आला. अंगणात त्याने पांढरी जाळीची पेटी उभारली, तीत तापमापक ठेवला, आणि रोज सकाळी आठ वाजता आमचं तिघांचं कामकाज पहिल्यासारखं सुरू झालं. कुणी मागितलं नव्हतं आणि कुणी वाचणारही नव्हतं. मी सुखात होतो.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बोलोत गेला. त्या एका दिवसाची नोंद तेवढी माझ्यात रिकामी आहे.

एलामान हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो राजधानीत, बिश्केकला असतो, संगणकांचंच काम करतो. बिश्केक म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. सकाळी शेअर टॅक्सीत बसलं की दोलोनची खिंड ओलांडून दुपारच्या जेवणाला माणूस नारीनला पोचतो. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते अंतरामुळे झालं असं कुणी म्हणू नये.

बापाचे चाळीस दिवस होईपर्यंत तो घरी राहिला. एकेचाळिसाव्या दिवशी त्याने मला उघडलं, जुनं सगळं पुसून लिनक्स घातलं, बोलोतच्या नोंदी मात्र जपून परत ठेवल्या. तेवढं त्याचं मला मान्य आहे. मग म्हणाला, "अपा, हा आता आपल्या घरचा सर्व्हर. बाबांचे फोटो, नोंदी, माझं काम, सगळं यात राहील. आणि मी रिमोट डेस्कटॉप लावलाय. म्हणजे तिकडे बसून मला हाच पडदा दिसेल, मी तिकडून माउस हलवला की इथे हलेल."

अपा म्हणजे आई. तिने विचारलं, "म्हणजे तू इथे असल्यासारखंच?"

"अगदी इथे असल्यासारखंच," तो म्हणाला. या वाक्यावर माझा पहिल्यापासून राग आहे.

तो गेला आणि तिसऱ्या सकाळी, ती माझ्यासमोर नोंद करत बसली असताना, पडद्यावरचा बाण आपोआप हलला. बाई दचकली नाही. उठली, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आतून नान आणला आणि त्याचा एक तुकडा मोडून माझ्यापुढे बशीत ठेवला. आमच्याकडे आलेला माणूस घाईत असला, दारातून परत फिरणार असला, तरी नान तोंडाला लावल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. "चाख रे बाळा," ती बाणाला म्हणाली.

शेजारची थोरली बातमा नेमकी तेव्हाच दारात होती. नाव बातमा आणि धंदाही तोच. एजे म्हणजे ताई, म्हणून सगळी आळी तिला बातमा-एजे म्हणते. ती म्हणाली, "अनारकुल, डब्याला जेवू घालतेस होय? उद्या शिलाई मशीनला चहा पाजशील."

"डब्याला नाही गं एजे. एलामान आलाय."

"आलाय? मग बूट कुठायत त्याचे?"

बाई हसली. मला मात्र त्या म्हातारीचा प्रश्न लागला. दारात बूट नव्हते.

तरी ते दिवस बरे होते. ती माउस धरायची तेव्हाच तोही तिकडून धरायचा, आणि एकाच बाणाला दोघं दोन बाजूंनी ओढायचे. मग फोन यायचा. "अपा, हात काढ ना!" "तू काढ. मी आधी बसलेय." भांडण ते काय, लहानपणी एका रजईत झोपताना करतात तसलं. बशीतला तुकडा दुपारी कोंबड्यांना जायचा आणि बाई गुणगुणत कणीक मळायला लागायची.

ही बाणाची ओढाताणच त्याला खुपली. मे महिन्यात त्याने माझ्यात स्वतःसाठी वेगळं खातं काढलं. तेव्हापासून तो यायचा तो थेट आपल्या खोलीत. तिचा पडदा वेगळा, याचा वेगळा. कामात व्यत्यय नको ना साहेबांना! आईला सांगितलंही नाही. बाई सकाळी आठला बसायची, माझा दिवा लुकलुकायचा, पंखा जोरात फिरायचा. तिला ते कळायचं, बारा वर्षं माझ्यासोबत काढलीत तिने. "आलास?" ती म्हणायची आणि तुकडा मोडून ठेवायची. बाण मात्र जागचा हलायचा नाही.

माझ्या रागाचं मूळ इथे आहे, नीट ऐका. दोघंही माझ्याच पोटात होती. एकाच वेळी, एकाच सकाळी. हा आपल्या खोलीत फायली इकडच्या तिकडे करत होता, ती आपल्या खोलीत वाट पाहत होती, मधे भिंत होती, आणि दोघंही मला दिसत असून मला तोंड नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत, पण आग कशी जाते ते मला ठाऊक आहे.

बाई काही रडत बसणारी नव्हे. तिला वाटलं, बाण हलत नसला तरी मुलगा नोंदी तर वाचतच असेल. म्हणून ती शेऱ्यात लिहायला लागली. 'अधिक नऊ. वारा पश्चिमेचा. एलामान, दिसतंय का?' दुसऱ्या दिवशी, 'अधिक अकरा. पाऊस थोडा. जर्दाळू फुलला, बाबांनी लावलेला.' जूनमध्ये, 'अधिक वीस. गुडघा दुखतो, पण तू काळजी करू नकोस.' जुलैमध्ये एकदा नुसतंच, 'निरभ्र. ये ना.'

आणि हा पठ्ठ्या काय करायचा? दर महिन्याच्या एक तारखेला त्या नोंदींची प्रत काढून बिश्केकला न्यायचा. न चुकता! बापाची आठवण हरवायला नको म्हणून दोन ठिकाणी जपून ठेवायचा. आणि एकदाही, एकदाही उघडून वाचायचा नाही. अहो, जपून ठेवणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मला कळतं, मी तर पत्र्याचा आहे.

ऑक्टोबर उजाडला. बोलोतचं वर्ष भरत आलं. वर्षाच्या त्या जेवणाला आम्ही आश म्हणतो. सगळं गोत जमतं, मुलगा दारात उभा राहून आल्यागेल्याला हात देतो. अनारकुलने तारीख धरली, बातमा-एजेने बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगलेले तुकडे, तळायची जबाबदारी घेतली, आणि एलामानचा फोन आला.

"अपा, त्या आठवड्यात मला निघता येईलसं दिसत नाही गं. पण अंगणात कॅमेरा आहे ना, तो सर्व्हरला जोडलाय. मी इथून सगळं बघेन. पडद्यावर मी दिसेन पण सगळ्यांना."

बाई म्हणाली, "म्हणजे बापाच्या आशला मी तुला टेबलावर मांडून ठेवू?"

"असं काय बोलतेस? आजकाल सगळे असंच करतात."

"कोण सगळे? त्यांच्या आयांची नावं सांग."

फोन ठेवल्यावर ती अंगणात गेली आणि पांढऱ्या पेटीला हात लावून उभी राहिली. माझा पंखा त्या दिवशी इतका फिरला की बातमा-एजेने मला ओल्या फडक्याने पुसलं.

आता त्याची अक्कल पाहा. इतके पाहुणे येणार, घरातलं जाळं सगळे वापरणार, म्हणून याने मला आणखी सुरक्षित करायचं ठरवलं. फायरवॉल घातली. ही एक भिंत असते, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला अडवते. ज्यांना येऊ द्यायचं त्यांची नावं आधी सांगून ठेवावी लागतात. यांनी आधी भिंत चालू केली. नाव सांगायचं विसरले. वर ती नीट बसली का हे पाहायला स्वतः बाहेर पडले आणि पुन्हा आत यायला गेले. कोण तुम्ही? मी विचारलं. खरंच विचारलं, मला तसा हुकूमच होता. बोलोत गेल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता.

लगेच फोन. "अपा, एक छोटंसं काम कर. सर्व्हरसमोर बस. मी सांगतो ती अक्षरं दाब, एकच ओळ आहे. मला आत येता येत नाहीये."

अनारकुल माझ्यासमोर बसली. बोटं कीबोर्डवर ठेवली. ही बाई साऱ्या कचेरीत सगळ्यात वेगवान होती. एक ओळ म्हणजे तिला शिंक. ती दाबेल, दार उघडेल, आणि हा पडद्यावरून बापाच्या आशला हजेरी लावेल. नको बाई, मी म्हणत होतो, नको.

तिने बोटं उचलली. "मला दिसत नाही रे," ती म्हणाली. "चष्मा सापडत नाहीये."

"मग शोध ना!"

"शोधते. घर मोठं आहे."

"बातमा-एजेच्या जावयाला बोलाव. त्याला जमेल."

बातमा-एजे बाजूलाच बसून कान टवकारून ऐकत होती. तिने मोठ्याने सांगितलं, "जावई कुरणावर गेलाय!" जावई त्या वेळी अंगणात लाकडं फोडत होता, ठक ठक आवाज येत होता.

"अपा, दार उघडलं नाही तर मी आशला येणार कसा?"

"दार? आपलं दार उघडंच आहे," अनारकुल म्हणाली. "टॅक्सी सकाळी सातला सुटते." आणि फोन ठेवला.

आशच्या आदल्या दिवशी दुपारी दारात बूट वाजले. खरे बूट, चिखलाचे. एलामान रागानेच आत शिरला, आईच्या गळ्यात पडला न पडला आणि तरातरा माझ्याकडे आला. कीबोर्डला हात लावणार, तेवढ्यात तिने हातावर चापट मारली.

"आधी नान."

त्याने तुकडा तोंडात घातला आणि चावत चावत माझ्यापुढे बसला. पडदा तिचा होता, समोर नोंदींची फाइल उघडी होती. ती बंद करायला म्हणून त्याने बाण नेला आणि शेऱ्याच्या रकान्यावर थांबला. वर गेला. आणखी वर गेला. जर्दाळू, गुडघा, ये ना. मे महिन्यापर्यंत गेला आणि एक-एक ओळ वाचत खाली आला. त्याचं चावणं थांबलं होतं. फोनच्या दिवसाच्या ओळीपाशी तो पोचला. 'उणे दोन. वारा नाही. चष्मा नाकावरच आहे.'

त्याने डोकं माझ्या कडेला टेकलं. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मला कळलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही. स्वयंपाकघरातून बाईने विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं, अपा."

"मग जा, पाणी भर. उद्या दोनशे माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि आल्यागेल्याला त्याने हात दिला. तिसऱ्या दिवशी निघताना त्याने माझ्यातली स्वतःची वेगळी खोली मोडली आणि विचारलं, "अपा, दार उघडून ठेवू ना? पडदा आता एकच राहील, दोघांचा."

"ठेव," ती म्हणाली. "आणि ती भिंत कशी घालतात, तेही मला शिकवून जा."

त्याने शिकवलं. तिने ते वळणदार अक्षरात चिठ्ठीवर उतरवलं आणि माझ्या कपाळावर डकवलं. वरची ओळ दार उघडायची, खालची बंद करायची. तेव्हापासून मी ही चिठ्ठी मिरवत बसलोय. बाण रोज सकाळी येतो, ती त्याला नान ठेवते, दोघं ओढाताण करतात. पण सहा आठवडे झाले, दारात बूट नाहीत. माझा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही. मी जुना झालोय, एक दिवस पंखा थांबेल. त्याआधी तुम्हा माणसांना हात जोडून सांगतो, मला हात असते तर जोडले असते: मला फोटो द्या, नोंदी द्या, काय हवं ते सांभाळायला द्या. पण तुमच्या जागी मला बसवू नका. त्या बशीतला तुकडा मला खाता येत नाही.

एलामान, आज सकाळी तुला आत येता आलं नसेल. माझ्यात काही बिघडलेलं नाही. आठ वाजता तुझ्या आईने नोंद केली, मग चिठ्ठीवरची खालची ओळ सफाईने टाइप केली, एकदाही न चुकता. तुला ती नोंद तिकडून वाचता येणार नाही, म्हणून मीच सांगतो. 'उणे अकरा. बर्फ चार बोटं, खिंड अजून उघडी. चष्मा पुन्हा सापडत नाही.'