लाल पट्टी

माझ्या बाईचं कुणी खरं मानलं नाही. मी बोलतेय, तिच्या अंगावरची लाल ब्रा. घडलं तेव्हा तिथं मी होते, पण मला कोण विचारतं!

माझा जन्म शिलाईच्या कारखान्यातला. हूक लावले माझ्या बाईनंच. एक कप तिरका बसला म्हणून मला रिजेक्टच्या ढिगात फेकलं, आणि तिनं तिथूनच, सगळ्यांदेखत, मला विकत घेतलं. हॉलमध्ये चार मुलखांच्या बाया. कुणी मला काचोळी म्हणे, कुणी अंगिया, कुणी बॉडी. खोक्यांवर तर परदेशी भाषांतली नावं. पण दिवसभर मलाच शिवणाऱ्या या बाया पुरुष दिसला की म्हणायच्या, "ते आतलं." घरी वाळत घालायचं तर टॉवेलखाली. ऊन कसं असतं, मला ठाऊक नाही.

सुटी झाली की दारात झडती. नवा माल कुणी अंगात घालून नेऊ नये म्हणून. झडती घ्यायला एक वेगळी बाई असायची. त्या दिवशी ती आली नव्हती. "तू इकडं ये," म्हणत सुपरवायझरनं माझ्या बाईला गठ्ठ्यांमागं नेलं आणि ब्लाऊजमध्ये हात घातला. झडतीचा हात मला कळतो. हा तो नव्हता. तिनं त्याला ढकललं, तशी माझी पट्टी तटकन तुटली.

कटिंगच्या टेबलापाशी तिची नणंद उभी होती. तिनं सगळं पाहिलं. वाटेत म्हणाली, "वहिनी, गप्प बसा. दोघींची नोकरी जाईल."

"तू बस गप्प. माझं तोंड शिवेल असली मशीन अजून आली नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मला मॅनेजरच्या टेबलावर आपटलं. त्यानं पेनाच्या टोकानं मला बाजूला सारलं. "हे... हे जे काय आहे..."

"साहेब, हेच विकून गाडी घेतलीत. आता नाव घ्यायला लाजता?"

सुपरवायझर म्हणाला, चोरीचा संशय होता. मॅनेजरनं नणंदेला विचारलं, "तू काय पाहिलंस?"

ती फरशीकडं बघत राहिली. "वहिनींच्या ब्लाऊजमधून लाल पट्टी दिसायची, साहेब."

बस्स. एवढंच हवं होतं त्यांना.

माझ्या बाईला काढून टाकलं. झडती आता तो सुपरवायझरच घेतो. मी मॅनेजरच्या कपाटात, पिशवीत कोंबलेली. बायांनो, निदान तुमच्यातल्या कुणीतरी मला उन्हात वाळत घाला गं!

तिला काढलं त्या दिवशी मशिनी बंद करून सगळ्यांना उभं केलं होतं. प्रत्येकीच्या हाताखाली लालच माल. मॅनेजर म्हणाला, सुपरवायझरची काही चूक नाही. माणूस आहे, नजर जाणारच. झालं ते एकाच गोष्टीमुळं. आणि पहिल्यांदाच, न अडखळता, खणखणीत आवाजात त्यानं नाव घेतलं: ब्रा.