एकतीस टेबलं

“सेटिंगला हात लावायचा नाही. ते मी स्वतः केलंय,” साहेब म्हणाले.

मी मान डोलावली. बारा वर्षांपूर्वी याच माणसासमोर, याच वाक्यावर मी अशीच मान डोलावली होती. फरक एवढाच, की तेव्हा माझी नोकरी त्यांच्या हातात होती आणि आज त्यांचं इंटरनेट माझ्या हातात होतं.

त्यांनी मला ओळखलं नाही. मला आता चष्मा लागलाय, डोक्यावर कंपनीची टोपी. आणि ऑफिसात तरी ते कधी माझ्याकडे बघून बोलले होते? खरं तर ही तक्रार माझ्या वाट्याची नव्हतीच. सकाळच्या यादीत त्यांचं नाव दिसलं आणि मी ती सोबत काम करणाऱ्याकडून मागून घेतली. त्याला वाटलं, माझ्या वाटेवरचं घर असेल.

“चारला लेकीचा व्हिडिओ कॉल आहे,” साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. “बाळ दाखवणारेय. पंधरा दिवसांचं झालं, अजून तोंड पाहिलं नाही आम्ही त्याचं.”

“होईल, काकू. तुमच्या मोबाइलवर चालतंय का?”

“कालपर्यंत छान चालत होतं. हे संगणकावर बसले आणि माझंही गेलं.”

“मोबाइलचा इथे काय संबंध?” साहेब खेकसले आणि चष्म्याचं घर शोधायला आतल्या खोलीत गेले.

संबंध होता. राउटरचे दिवे नीट लागले होते, वायरही जागेवर होती. मी सेटिंगचं पान उघडलं आणि बघतच राहिले. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो आणि ज्याच्या शेवटी एक आहे, तो नंबर स्वतःकडे ठेवतो, कारण सगळ्यांची ये-जा त्याच्यामार्फत होते. साहेबांनी तोच नंबर आपल्या संगणकाला हाताने घातला होता. एकाच पत्त्यावर दोन घरं झाली तर पोस्टमन कुणाचं दार वाजवणार?

म्हणजे बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी ऑफिसातही हेच झालं होतं.

आख्ख्या मजल्याचं इंटरनेट दिवसभर बंद होतं. मी एकतीस टेबलांखाली रांगत गेले, एकेक वायर काढून लावली, गुडघे सोलून निघाले. साहेबांच्या संगणकाला तेवढा हात लावला नाही, कारण लावायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आपोआप सुरू झालं होतं आणि माझ्या टेबलावर पत्र होतं. ‘कामातील हलगर्जीपणा.’ नोकरी गेली. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते, चाळीस वर्षं खांबांवर चढले. कुठलीही लाइन दुरुस्त केली की तिथूनच घरी फोन लावून विचारायचे, ‘येतंय का ऐकू?’ त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “नीट बघायचं होतंस गं.” बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांचं ते वाक्य मी अजून गिळते आहे.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. काम दोन मिनिटांचं होतं. मी ते केलं नाही.

“साहेब, वायर ढिली वाटतेय. टेबलाखाली जाऊन जरा काढून परत लावा,” ते बाहेर आल्यावर मी म्हणाले.

“मी?”

“मला पडद्यावर लक्ष ठेवायचंय ना.”

ते कण्हत खाली वाकले. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. मला इतकं बरं वाटलं की लाजही वाटली नाही.

“लावली!”

“दुसरं टोक बघा. भिंतीकडचं.”

ते बाहेर आले तेव्हा केसांना जळमटं होती. मी त्यांना पुन्हा खाली पाठवलं, खाली असतानाच वायरवरचा छापील आकडा वाचायला लावला, आणि नीट ऐकू आलं नाही म्हणून परत एकदा वाचायला लावला. असे तीन वेळा ते आत-बाहेर झाले. पावणेचार वाजले. काकू घड्याळाकडे बघून पदराचं टोक पिळत होत्या.

“होईल ना गं?” त्यांनी हळूच विचारलं.

काकूंचं बाळ मध्ये आलं नसतं तर मी त्या माणसाला एकतीस वेळा खाली पाठवलं असतं.

मी हाताने घातलेला नंबर काढून टाकला. राउटरने लगेच नवा दिला. काकूंच्या हातातला मोबाइल निरोपांनी टणटणायला लागला.

“माझ्या संगणकाला सात नंबर?” साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “मुख्य संगणकाला एक नंबर पाहिजे. मी ऑफिसातसुद्धा तसाच ठेवला होता.”

“एक राउटरचा असतो. काम तो करतो.”

मी तक्रारीचा कागद भरला आणि पुढे केला. खालच्या कार्बनच्या दोन प्रतींवरही उमटावं म्हणून पेन जोर देऊन चालवलं होतं. ते न वाचताच सही करायला लागले.

“वाचा ना साहेब. मोठ्याने वाचा.”

“बिघाडाचं कारण,” त्यांनी कागद लांब धरला, “ग्राहकाने स्वतः केलेली चूक. अशाच चुकीमुळे बारा वर्षांपूर्वी...” ते थांबले. मी टोपी काढली.

“तू?”

“मीच. एकतीस टेबलांवाली.”

ते खुर्चीत बसले.

“त्या संध्याकाळीच लक्षात आलं होतं माझ्या,” ते कागदाकडे बघत म्हणाले. “मी नंबर बदलला. पण पत्र वर गेलं होतं तोवर.”

“मागे घेता आलं असतं.”

“हो.”

मी पेन त्यांच्या बोटांपाशी नेलं. त्यांनी सही केली. चारला पाच कमी असताना काकूंनी उठून संगणकापुढे खुर्ची ओढली. एकच, स्वतःपुरती.

मी माझी प्रत घेऊन खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बाबांचा नंबर लावला. तो अजून मी खोडलेला नाही. “आपण लावलेला क्रमांक सध्या वापरात नाही,” रेकॉर्डिंगमधली बाई म्हणाली. ती तेच तेच म्हणत राहिली. मी कागद उजेडात धरला आणि तिच्या आवाजावर आवाज चढवून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सगळा वाचून दाखवला.

“येतंय का ऐकू?” मी विचारलं.