मुठीत धरलेली महाधमनी

मी महाधमनी बोलतेय. दचकू नका, खरी नव्हे, प्लास्टिकची! हृदयातून निघते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि छातीतून पोटात उतरते, त्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीची मी नक्कल. माझ्या भिंतीवरचा फुगवटा लोहचुंबकाने लावलेला आहे, हवा तेव्हा काढता येतो. माणसांचा असा निघत नाही, तिथेच तर सगळं घोडं अडतं!

माझा जन्म साच्यात झाला. दोन अर्धुकं बिजागरीने जोडली, लाल रंग फासला आणि माझी रवानगी एका लेक्चर हॉलच्या कपाटात झाली. शेजारी एक कवटी. इतकी वर्षं सोबत काढली, पण बाई एक अक्षर बोलली नाही! कधीतरी मला बाहेर काढायचे, काडीने टोचून दाखवायचे आणि पुन्हा आत ढकलायचे.

मग ताईंनी मला आपल्या खोलीसाठी मागून घेतलं आणि माझं नशीब उघडलं. ताई म्हणजे महाधमनीच्या रुग्णांची सगळी जुळवाजुळव करणाऱ्या सिस्टर. हृदयाचे डॉक्टर, सर्जन, स्कॅनवाले, भूल देणारे, दातांचे डॉक्टर... पाच जणांची तोंडं पाच दिशांना, आणि मोट बांधायची ताईंनी. सारखा फोन, तोही स्पीकरवर, कारण हात कधी मोकळे नसायचे. चहा गार व्हायचा. पण काय मजा यायची! फोन वाजला की वाटायचं, आज कुणाच्या तरी ऑपरेशनची तारीख लागणार!

एक दिवस क्रेनवाले काका आले. धिप्पाड माणूस. उभा जन्म उंच हवेत टांगलेल्या केबिनमध्ये बसून काढलेला. त्यांच्या महाधमनीचा फुगवटा वाढत चालला होता, शेजारची हृदयाची झडपही गळत होती. ताईंनी मला उघडून दाखवलं. "इथे भिंत पातळ झालीये, काका. फुटायच्या आत हा भाग काढून नळी बसवायला हवी, झडपही बदलायला हवी."

"म्हणजे छाती उघडणार?"

"हो."

"मग उघडा की! कधी येऊ?"

वा रे पठ्ठ्या! मी मनात टाळ्या पिटल्या.

तारीख ठरली. सगळ्यांचे होकार आले, राहिला फक्त दातांचा. नवी झडप बसवण्याआधी तोंड तपासावंच लागतं, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून थेट झडपेवर जाऊन बसतात. काकांचं उत्तर ठरलेलं, "गेलो होतो हो, पण तिथे ही गर्दी!" शेवटी ताईंनी दातांच्या दवाखान्यात फोन लावला.

"गर्दी?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "अहो, आम्ही त्यांचीच वाट बघतोय! काल दारापर्यंत आले, पाटी वाचली आणि मागे फिरले."

ताईंनी काका-काकूंना बोलावून घेतलं. काकूंना हसावं की रडावं कळेना. "छाती फाडून घ्यायला तयार आणि दाताला घाबरता?"

काका खाली बघत म्हणाले, "छातीच्या वेळी झोपवतात. तिथे जागं राहावं लागतं."

कोणी हसलं नाही. मलाही त्यांची फार दया आली.

"भीती वाटते एवढं सांगायचंत ना काका," ताई म्हणाल्या. "आम्ही सगळे थांबू. फुगवटा थांबणार नाही."

"तुम्ही येता का बरोबर?"

"चला, आत्ताच."

आणि उठता उठता काकांनी मला उचललं, मुठीत घट्ट धरलं! मी पहिल्यांदा रस्ता बघितला, माणसं, दुकानं, सिग्नल! येणारे-जाणारे वळून बघत होते आणि मी ऐटीत चालले होते. दाताच्या खुर्चीत काकांनी डोळे मिटले. खालची दाढ पार सडलेली निघाली, मुळाशी पू. इंजेक्शनची सुई दिसताच काकांनी मला असं आवळलं की माझी कमान कडकन तडकली.

डॉक्टर दचकले. "काय मोडलं?"

"माझी महाधमनी," ताई म्हणाल्या. "तुम्ही चालू द्या."

दाढ निघाली, पण जखम भरेपर्यंत ठरलेली तारीख हातची गेली. ताई सर्जनच्या मागे हात धुऊन लागल्या. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्या सर्जनच्या ऑफिसला ताईंनी फुगवटा आणखी वाढलेला नवा स्कॅन दाखवला, तेव्हा कुठे लवकरची तारीख मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी काकू आमच्याच खोलीत बसून होत्या, माझ्यावरून बोट फिरवत. फोन वाजला. "नळी बसली, झडप बसली. हृदय आपलं आपण चालू झालंय." काकू रडल्या, ताई रडल्या. मला रडता येत नाही, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आता माझ्या कमानीला चिकटपट्टी आहे, रंगही उडालाय. नवीन मॉडेल मागवायचं चाललंय. मागवा बापडे! पण जाण्याआधी एक सांगते. हा फुगवटा कधी कधी एका घरात अनेकांना असतो आणि दुखल्याखुपल्याशिवाय वाढतो. घरात एकाला निघाला, तर डॉक्टरांना विचारून बाकीच्यांनीही तपासून घ्या.

काकांच्या धाकट्या भावाला हे पटत नव्हतं. "मला काय धाड भरलीये?" म्हणायचा. काकांनी आज त्याला अक्षरशः धरून आणलं. स्कॅन झाला. आत्ताच ताईंनी निकाल ऐकला आणि मला उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्यालाही फुगवटा निघालाय; बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलाय. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. ताई सर्जनचा नंबर फिरवताहेत, रिंग जातेय...

उचला हो, कुणीतरी फोन उचला! आम्ही वेळेत आलोय!